धाव

आमच्या शेतातल्या विहिरीवर आता पाच हॉर्सपॉवरची मोटर आहे, पण धाव अजून आहे. विहिरीच्या काठापासून निघून मळ्याकडे उतरत जाणारा, दोन बैल जोडीनं चालतील एवढा रुंद मातीचा उतार. पन्नास वर्षांत तिच्यावर बैल चढले-उतरले नाहीत. कडेचे दगड ढासळलेत, मध्यावर एक बाभूळ उगवून तिला शेंगा यायला लागल्या. दर उन्हाळ्यात घरात कुणीतरी म्हणतं, धाव सपाट करून टाकू, चार सऱ्या वाढतील. मग पाऊस येतो आणि ते राहून जातं.

गाव साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं. मी सहा-सात वर्षांचा असेपर्यंत आप्पांची, म्हणजे माझ्या आजोबांची, मोट चालू होती. बैलांकडून विहिरीतलं पाणी ओढून काढायची चामड्याची मोट, तिला खाली चामड्याचीच सोंड. जाड नाडा वरच्या चाकावरून, सोंडेचा बारीक दोर खालच्या कण्यावरून. बैल उतरायला लागले की चाक कुरकुरायचं, विहिरीच्या पोटातून पाणी सांडल्याचा आवाज जवळ जवळ यायचा, आणि बैल धावेच्या तळाशी पोचता पोचता मोट काठावर येऊन सोंड थारोळ्यात भडाभडा मोकळी व्हायची. मग बैल मागं सरत सरत वर. मोट पुन्हा खाली. उतरताना आप्पा नाड्यावर बसायचे, झोपाळ्यावर बसल्यासारखे. मला वाटायचं, मौज म्हणून बसतात.

एकदा मी विचारलं, ही धाव उतरती कशाला? सपाट जमिनीवर बैल चालवले तरी मोट वर येईलच की. आप्पा म्हणाले, "बैलले सोपं पडस." मी म्हटलं, पण त्यांना परत चढावं लागतं, तेही उलटं! त्यावर त्यांचं उत्तर असं होतं: "रिकामं चढनं आन भरेल वढनं, एकच शे का?"

मला ते पटलं नाही. मला तेव्हा असं वाटत होतं की उतरताना जे वाचलं ते चढताना गेलं, म्हणजे हिशेब बरोबरीत, मग एवढी माती टाकून उतार करायचा खटाटोप कशाला. गंमत म्हणजे माझं चूक नव्हतं. आप्पांचंही नव्हतं. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असू शकतं, ते कळायला मला पुढे भौतिकशास्त्राचा मास्तर व्हावं लागलं.

अकरावीला मी धुळ्याला आलो तो १९८२ मध्ये. दहावीपर्यंत मराठीत गतिज ऊर्जा, स्थितिज ऊर्जा असं सगळं व्यवस्थित चाललेलं, आणि एका उन्हाळ्यात ते सगळे शब्द इंग्रजी झाले. त्यात 'कॉन्झर्व्हेटिव्ह फोर्स' आला. मी खोलीवर येऊन डिक्शनरी उघडली, तर अर्थ दिलेला: सनातनी, पुराणमतवादी. सनातनी बल! गुरुत्वाकर्षण सोवळं नेसून बसलंय असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि आठवडाभर गेलं नाही. आज मी वर्गात हाच विनोद करतो. पोरं हसतात, म्हणजे त्यांच्याही डिक्शनरीत अजून तेच आहे.

व्याख्या मात्र सरांनी फळ्यावर सरळ लिहिली होती. एखादी वस्तू इथून तिथं नेताना एखाद्या बलानं केलेलं कार्य फक्त सुरुवात आणि शेवट यांवर ठरत असेल, मधल्या वाटेवर नाही, तर ते बल कॉन्झर्व्हेटिव्ह. किंवा त्याच गोष्टीची दुसरी बाजू: फिरून पुन्हा निघालो त्याच जागी आलो, तर त्या बलाचं एकूण कार्य शून्य. गुरुत्वाकर्षण असं आहे. आदर्श स्प्रिंगचं बल असं आहे. विजेच्या दोन स्थिर प्रभारांमधलं बल असं आहे. घर्षण तसं नाही.

कापसानं भरलेलं पोतं अंगणात ओढून पाहा. पन्नास किलोचं पोतं दहा मीटर ओढलं आणि घर्षण दोनशे न्यूटनचं धरलं, तर घर्षणानं दोन हजार ज्यूल घेतले. तेच पोतं परत जागेवर ओढत आणलं तर घर्षण आधीचे दोन हजार परत करत नाही, आणखी दोन हजार घेतं. सरळ न ओढता तुळशीला वळसा घालून ओढलं तर त्याहून जास्त. हे आपल्या ओळखीचं आहे. मार्केटात माल विकायला नेला तरी हमाली-तोलाई, विकला न जाता परत आणला तरी गाडीभाडं. उलट तेच पोतं माळ्यावर चढवलं तर गुरुत्वाकर्षण तुमच्याकडून घेतं खरं, पण ठेवून देतं. शिडीनं चढवा, जिन्यानं चढवा, शेजाऱ्याच्या गच्चीवरून फिरवून आणा, गुरुत्वाकर्षणाच्या वहीत रक्कम तेवढीच पडते: वस्तुमान, गुणिले ९.८, गुणिले उंची. पोतं खाली टाकलं की ती रक्कम वेगाच्या रूपानं परत. या ठेवीलाच आपण स्थितिज ऊर्जा म्हणतो. विल्यम रँकिन या स्कॉटिश अभियंत्यानं १८५३ मध्ये तिला 'पोटेन्शियल एनर्जी' हे नाव दिलं. घर्षणासाठी अशी ठेव मांडताच येत नाही, कारण ते परत काही देतच नाही.

तर सर हे शिकवत होते आणि माझ्या डोक्यात धाव. बैल सकाळी जिथं उभे होते, संध्याकाळी तिथंच उभे. दिवसभरात शंभर फेऱ्या झाल्या असतील, पण प्रत्येक फेरी बंद वाट. म्हणजे गुरुत्वाकर्षणानं बैलांवर दिवसभरात केलेलं कार्य शून्य. मग उतारानं बैलांना दिलं काय? मी हात वर केला नाही. नव्वद पोरांच्या वर्गात, त्यातली निम्मी शहरातली, मोटेची गोष्ट काढायची माझी छाती झाली नाही. हे मला अजून थोडं डाचतं.

आकडेमोड केली ती पुढं पंधरा-सोळा वर्षांनी, स्वतः शिकवायला लागल्यावर, पेपर तपासायच्या गठ्ठ्याच्या पाठकोऱ्या कागदावर. मोटेत दीडशे लिटर पाणी धरलं. विहिरीत पाणी दहा मीटर खोल धरलं. एक मोट वर आणायला दीडशे गुणिले ९.८ गुणिले दहा, म्हणजे १४,७०० ज्यूल. आता बैल. एक बैल साडेतीनशे किलोचा, जोडी सातशेची. धावेची लांबी विहिरीच्या खोलीइतकी, दहा मीटर, आणि वरपासून खालपर्यंत उतार दीड मीटर. बैल खाली उतरले की त्यांची स्थितिज ऊर्जा सातशे गुणिले ९.८ गुणिले दीड, म्हणजे १०,२९० ज्यूलनं कमी होते.

मी पेन खाली ठेवलं. पाणी वर चढायला लागणाऱ्या ऊर्जेतला सत्तर टक्के वाटा बैलांच्या नुसत्या वजनाचा होता! पायांनी रेटायचे उरले साडेचार हजार ज्यूल आणि चाकाच्या घर्षणाचे वरचे काही. आणि आप्पा नाड्यावर बसायचे ते मौज म्हणून नव्हे. साठ किलोचा माणूस दीड मीटर खाली येतो, म्हणजे आणखी ८८० ज्यूल. त्यांचे पाय जमिनीला लागत नसत, सगळं वजन नाड्यावर.

मग परत चढणं. ते दहा हजार ज्यूल बैलांना चढताना स्वतःच्या स्नायूंतून घालावेच लागतात, आप्पांनाही धाव चढून यावं लागतं. पूर्ण फेरीत गुरुत्वाकर्षणानं बैलांना एक दमडी दिली नाही. पाणी चढवण्याचा सगळा खर्च चाऱ्या-पेंडेतूनच निघाला. पण धाव सपाट असती तर तो सगळा खर्च भरल्या मोटेच्या फेरीवर पडला असता, आणि परतीची फेरी फुकट गेली असती. उतारामुळं खर्चाचे दोन हप्ते झाले. रिकामं चढताना बैल स्वतःचंच वजन वर नेऊन ठेवायचे आणि भरलेलं ओढताना ते मोडायचे. ते पैसे मोडताना एक पैसाही कमी येत नाही, कारण जिथं ठेव ठेवली ते बल कॉन्झर्व्हेटिव्ह आहे. उतारावर अशी ठेव ठेवायची सोयच नसती, तर आप्पांच्या जोडीला एवढ्या विहिरीवर तिसरा बैल लागला असता.

म्हणजे माझं बरोबर होतं, हिशेब बरोबरीत. आणि आप्पांचंही बरोबर होतं, एकच नाही. आप्पा तोवर गेलेले होते.

*

खान्देशात दिवाळीपेक्षा मोठा सण कुठला असं कुठल्याही सासुरवाशिणीला विचारा, ती आखाजी म्हणेल. अक्षय्य तृतीयेची आखाजी. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाच्या झाडांना झोके बांधतात आणि भर वैशाखात दुपारभर गाणी चालतात. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शिकवताना मला दर वर्षी हा शब्द तोंडात घोळवावासा वाटतो. अक्षय्य. आणि नेमका त्याच दिवशी झोका, ज्याच्याहून चांगलं उदाहरण कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला माई म्हणतो, झोक्यावर उभी राहायची. टोकाला गेली की क्षणभर हवेत थांबल्यासारखी, पदर पुढे उडालेला, आणि मग सूं करून खाली. खालच्या बिंदूपासून दोन मीटर उंची गाठली, तर खाली येताना वेग सेकंदाला सव्वासहा मीटर, ताशी साडेबावीस किलोमीटर. यात माईचं वजन कुठंच येत नाही. तिच्याहून दुप्पट वजनाची मामी त्याच उंचीवरून आली तरी वेग तोच. दोरी एवढा ताण देते, पण तिचं कार्य शून्य, कारण ती कायम वाटेला काटकोनात ओढते. सगळा व्यवहार उंचीची स्थितिज ऊर्जा आणि वेगाची गतिज ऊर्जा या दोघींतला. एक घटली की दुसरी वाढली, आणि बेरीज तीच. या बेरजेला यांत्रिक ऊर्जा म्हणतात.

पण झोका आपोआप चढत नाही. माई खालच्या बिंदूशी आली की गुडघे सरळ करून उठायची आणि टोकाला गेली की बसायची. खाली, जिथं वेग सगळ्यात जास्त आणि अंग सगळ्यात जड वाटतं, तिथं उठायला जास्त जोर लागतो. वर बसताना तेवढं परत मिळत नाही. हा फरक झोक्यात जमा होतो. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. आणि तिनं उठबस थांबवली की फांदीवर दोरी घासल्याचा किर्र किर्र आवाज आणि वारा मिळून दहा-पंधरा हेलकाव्यांत झोका जवळपास जिरवून टाकायचे. दोरी सोडून हात लावला तर फांदीवरची गाठ गरम लागायची. एकूण ऊर्जा तेव्हाही अक्षय्यच. फक्त ती माईला परत मिळेल अशा रूपात उरत नव्हती.

*

मागच्या हिवाळ्यात चुलतभावाबरोबर त्याच्या पिकअपमधून चाळीसगावजवळच्या पाटणला गेलो. पलीकडे कन्नडहून माल भरायचा होता, तो भरून घाट उतरून चाळीसगावकडे यायचं आणि वाटेत मला पाटणादेवीला सोडायचं, असं ठरलं. घाटाच्या तोंडाशी त्यानं गाडी न्यूट्रलला टाकली. डिझेल वाचतं म्हणे. चौथ्या-पाचव्या वळणावर जळक्या ब्रेक-लायनरचा वास केबिनमध्ये शिरला. मी ओरडलो. त्यानं मुकाट्यानं गाडी दुसऱ्या गिअरला घेतली आणि पुढचा अर्धा तास माझ्याशी बोलला नाही.

भरलेली गाडी अडीच टनांची धरा आणि घाटाची उंची तीनशे मीटर. उतरताना स्थितिज ऊर्जा जवळजवळ पंचाहत्तर लाख ज्यूलनं कमी होते. वेग वाढू द्यायचा नसेल तर ती सगळी कुठंतरी उष्णता होऊन जायलाच हवी. एवढ्या उष्णतेत वीस-बावीस लिटर पाणी उकळेल. गिअरमध्ये असलं की इंजिन आपला वाटा घेतं, न्यूट्रलला सगळं चार ब्रेकांच्या बोकांडी. चढताना डिझेल जाळून जी ठेव ठेवली, तिची उतरताना कुणालाच गरज नव्हती, आणि तरी ती मोडावीच लागली. आमच्या बैलांना उतरताना ओढायला मोट होती, गाडीला काहीच नव्हतं.

पाटणला मी गेलो होतो ते भास्कराचार्यांसाठी. सह्याद्रीच्या पायथ्याचं हे गाव. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानं इथं मठ स्थापला, असं सांगणारा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख इथलाच. भाऊ दाजी लाडांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लीलावतीमुळं भास्कराचार्य सगळ्यांना माहीत असतात, पण मला त्यांचं एक चाक खुणावत होतं. ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत, गोलाध्यायातल्या यंत्राध्यायात ते येतं. हलक्या लाकडाचं चाक, त्याला एकसारखे पोकळ आरे, सगळे एकाच बाजूला किंचित झुकलेले, आणि प्रत्येकात निम्मा पारा. दोन खांबांवर आस टेकवा आणि चाक आपोआप फिरत राहील. स्वयंवह यंत्र. त्यांच्या पाचशे वर्षं आधी ब्रह्मगुप्तांनीही असंच चाक सांगितलं होतं.

ते फिरत राहणार नाही. पाऱ्याचा कुठलाही थेंब घ्या, चाकाची एक फेरी पूर्ण झाली की तो पुन्हा होता त्या उंचीवर येतो. उतरताना गुरुत्वाकर्षणानं त्याला जे दिलं, तेवढं चढताना घेतलं. वाट वाकडी करा, पारा आत-बाहेर सरकवा, बेरीज शून्यच. आणि आसाचं घर्षण प्रत्येक फेरीला आपलं घेणारच. पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं १७७५ मध्ये असल्या चिरंतन यंत्रांचे प्रस्ताव तपासायचेच बंद केले. आमच्याकडे ते अजून व्हॉट्सॲपवर येतात. गेल्या वर्षी बारावीतल्या एका पोरानं मला चुंबकांवर फिरणाऱ्या पंख्याचा व्हिडिओ दाखवला. मी म्हटलं, टेबलाखाली बघ. त्याला वाटलं, असली यंत्रं सरकारच दाबून ठेवतं आणि मी सरकारला घाबरतो.

पण त्याच यंत्राध्यायात एक जागा आहे, ती वाचून मी हसलो होतो. पाण्याच्या जोरावर चालणारी, म्हणजे खरोखर चालू शकतील अशी यंत्रं भास्कराचार्य 'ग्राम्य' म्हणून बाजूला सारतात. का, तर ती दुसऱ्यावर अवलंबून असतात म्हणून. एवढा मोठा गणिती, त्याला परावलंबी यंत्राचं कौतुक नव्हतं. खरं सांगायचं तर या बाबतीत मी आप्पांच्या बाजूचा. मोट ग्राम्यच होती. बैलांवर अवलंबून, बैल चाऱ्यावर, चारा पावसावर.

*

पांझरेच्या काठच्या माणसाला परावलंबनाचं वावडं असूच शकत नाही. इथं काही शतकं फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाच्या खालच्या अंगाला फड, म्हणजे शेतांचे मोठे पट्टे, आणि कुठल्या फडात यंदा कुठलं पीक ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी वाटायला पाटकरी. एक थेंब उचलायचा नाही, पाट इतक्या मंद उताराचा की पाणी नुसतं चालत यावं. सगळी मोजणी डोळ्यांनी आणि पाण्याच्या वागण्यावरून.

स्थितिज ऊर्जेचा शून्य कुठं धरायचा, असं मुलं दर वर्षी विचारतात. कुठंही धरा, असं पुस्तक सांगतं, फरक फक्त उंचीतल्या फरकानं पडतो. ते खरं आहे. पण आमच्या गावात शून्य ठरलेला होता. पाट. पाटाखाली ज्याची जमीन, त्याच्याकडे पाणी स्वतःहून येई. पाटाच्या वर ज्याची, त्यानं विहीर खणायची आणि धाव घालायची. आमची जमीन पाटाच्या वर. चार हातच असेल.

आता मोटरला वीज रात्री येते. भाऊ बॅटरी घेऊन रात्री एक-दीडला शेतात जातो, स्टार्टरचं बटण दाबतो, पाणी पडल्याचा आवाज ऐकून तिथंच बाजेवर आडवा होतो. चढवायची उंची आता दहा मीटर राहिली नाही. विहिरीच्या तळाला आडवं-उभं बोअर घेतलंय, पाणी कितीवर लागतं हे दर वर्षी नव्यानं कळतं. लिटरमागं ज्यूल वाढत चाललेत आणि ते बिलावर दिसत नाहीत.

उन्हाळ्यात गेलो तेव्हा पुतण्या धावेवर सायकल खेळत होता. वरून पाय न मारता सोडायची, बाभळीला चुकवून खाली यायचं, आणि पुढच्या बांधाच्या चढावर जिथवर चाक जाईल तिथं दगडानं रेघ मारायची. सात-आठ रेघा झाल्या होत्या, सगळ्या धावेच्या माथ्याहून बऱ्याच खाली. तो मला म्हणाला, "काका, एवढ्या वरून सोडतो, तर पलीकडं तेवढंच वर का नाही जात?" मी सांगणार, तेवढ्यात तो घरात पळाला आणि शिवणयंत्राच्या तेलाची बाटली घेऊन आला. सगळं तेल चेनला घातलं, जिचा पाय न मारता उतरण्याशी फारसा संबंध नव्हता. मी गप्प बसलो. पुन्हा वर गेला, सायकल सोडली, आणि नवी रेघ जुनीच्या वीतभर वर पडली.

कदाचित वाऱ्यानं असेल. त्यानं टायर दाबून पाहिलं आणि पंप शोधायला गेला.